खड्डा बघायला चला: मंडळाच्या कार्यकारिणीस खुले पत्र

प्रति,
कार्यकारिणी सभासद,
आपलं मराठी मंडळ, बॉस्टन परिसर

स. न. वि. वि.

सहलीच्या बैठकीत मी बॉस्टनशेजारच्या क्विन्सीच्या ग्रॅनाइटच्या खाणीचं नाव काढलं, तेव्हा एका दादांनी विचारलं, "तिथे काय बघायचं? खड्डा?" सगळे हसले. मीही हसले. मग नेहमीप्रमाणे सफरचंदं तोडायला जायचं ठरलं, चहा झाला, बैठक संपली. उत्तर सुचलं ते घरी परतताना, हायवेवर 'ग्रॅनाइट अव्हेन्यू'ची पाटी दिसली तेव्हा. वेळेवर उत्तर न सुचणं ही आमच्या घराण्याची खोड आहे, म्हणून हा पत्राचा खटाटोप.

तर दादा, हो. खड्डाच. आणि खरं सांगायचं तर आता तो धड खड्डाही राहिलेला नाही. बॉस्टनच्या पोटातून बोगदे काढले तेव्हा निघालेली माती आणून त्यातला मोठा भाग बुजवला. उरलेत ते उभे कडे, त्यांवर पाच-पाच थर चढलेली रंगीबेरंगी चित्रं, आणि दोर बांधून चढणारी तरुण मुलं. तरीही मी म्हणते की मंडळाने तिथे यावं. का, ते जरा सविस्तर लिहिते.

आपल्यापैकी बहुतेकांचे आईवडील उन्हाळ्यात इथे येतात. त्यांना फिरवण्याची आपली एक ठरलेली परिक्रमा आहे. हार्वर्डच्या पुतळ्याचा बूट, क्विन्सी मार्केट, चहाच्या पेट्या समुद्रात टाकल्या त्या जहाजाची प्रतिकृती, आणि शेवटी चार्ल्सटाउनचा, अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धातल्या लढाईची आठवण म्हणून उभारलेला बंकर हिल स्मारकस्तंभ. २२१ फूट उंच, आत २९४ पायऱ्या. आईवडील खाली बाकावर बसतात, नातवंडं वर जाऊन येतात, फोटो निघतो. तो स्तंभ कशाचा आहे हे विचारलं तर पाटीवर वाचून सांगता येतं: ग्रॅनाइट. कुठून आला? क्विन्सीहून. तिथून इथवर कसा आला, हे मात्र कोणी विचारत नाही. मी स्वतः क्विन्सीत चौदा वर्षं राहते, दहा वर्षं मलाही प्रश्न पडला नव्हता.

तो मला पाडला माझ्या बाबांनी.

बाबा मध्य रेल्वेत होते. स्टेशनमास्तर नव्हे, गार्ड नव्हे, रूळवाले. लोणावळा–कर्जत भागात परमनंट वे खात्यात त्यांची हयात गेली. घाटात पावसाळ्यात दरड आली की मध्यरात्री टॉर्च घेऊन निघायचे ते. २०२२ च्या उन्हाळ्यात ते इथे आले, तेव्हा त्यांचे गुडघे कामातून गेले होते. परिक्रमा त्यांनी निमूट केली. स्तंभाखाली बसले, वर बघितलं आणि विचारलं, "हा माल चढवला कसा ते नंतर. आधी इथवर आणला कसा?" मी फोनवर शोधलं आणि उत्तर वाचून दाखवलं: रेल्वेने. सालही वाचलं: १८२६. बाबा म्हणाले, "चुकतंयस. नीट वाच."

मी चुकत नव्हते. बोरीबंदर–ठाणे गाडी धावली १८५३ मध्ये. इंग्लंडात स्टॉकटन–डार्लिंग्टन सुरू झाली १८२५ मध्ये. आणि त्यानंतर जेमतेम वर्षभरात, ७ ऑक्टोबर १८२६ ला, माझ्या घरापासून चालत पंधरा मिनिटांवर घोड्यांनी ओढलेले दगडाचे गाडे रुळांवरून नदीकडे निघाले होते. तीन मैलांची लाइन. या टोकाला खाण, त्या टोकाला मिल्टनमध्ये नेपॉन्सेट नदीवरचा धक्का. तिथून पडावात घालून दगड खाडीमार्गे चार्ल्सटाउनला.

दुसऱ्याच दिवशी आम्ही वेस्ट क्विन्सीत मलिन अव्हेन्यूच्या टोकाला गेलो. घरं संपतात, झाडी सुरू होते, आणि झाडीतून एक सरळ उतार वर जाताना दिसतो. ३१५ फूट लांब, ८४ फूट चढ. याला इथे नुसतं 'इन्क्लाइन' म्हणतात. मूळ लाइन झाल्यावर चार वर्षांनी वरच्या पाइन लेज खाणीतला दगड खाली उतरवायला हा बांधला. अखंड फिरणाऱ्या साखळीवर भरलेले गाडे खाली आणि रिकामे वर. यातले रूळही ग्रॅनाइटचे आहेत. लांबच लांब तासलेल्या दगडी तुळया, एकाला एक लावून.

बाबा काठी टेकवत उकिडवे बसले. गुडघ्यांचं काय झालं होतं देव जाणे, त्या दिवशी बसले. दगडावर हात फिरवला, मग वितीने माप घ्यायला लागले. एका रुळापासून दुसऱ्यापर्यंत वीत-वीत सरकत गेले, मधेच थांबून म्हणाले, "अगं, हे आपल्या ब्रॉड गेजला भरत नाही. अर्धा फूट कमी पडतंय." घरी येऊन तपासलं. या लाइनचं गेज होतं पाच फूट. आपलं ब्रॉड गेज साडेपाच. सहा इंचांचा फरक, वितीने सांगितलेला.

मग ते कडेला पडलेल्या एका मोठ्या दगडाकडे वळले. त्याच्या कडेवर ठरावीक अंतराने अर्धगोल पन्हळी होत्या, बोटभर खोल, एका रांगेत. "हे बघ, भोकं." पाथरवटांची पद्धत तीच, इथेही आणि तिथेही: दगड कुठल्या अंगाने फुटतो ते ओळखायचं, त्या रेघेवर ओळीने भोकं पाडायची, भोकात दोन पत्र्या आणि मधे पाचर घालायची, आणि मग एकेका पाचरीवर घणाचा हलका ठोका, पहिलीपासून शेवटपर्यंत, परत पहिलीपासून. घाई करायची नाही. आवाज बदलत जातो. शेवटी दगड स्वतःच 'हो' म्हणतो. लहानपणी घाटात वडार लोकांना हे करताना बाबांनी पाहिलं होतं, आणि ते सांगताना त्यांचा हात नकळत ठोके देत होता.

या पाचरीच्या आधी इथले लोक काय करायचे, तेही मजेशीर आहे. अठराव्या शतकाच्या मध्याला बॉस्टनचं किंग्ज चॅपल बांधलं, ते क्विन्सीत जमिनीवर सुटे पडलेल्या धोंड्यांतून. धोंडा आग लावून तापवायचा आणि वरून लोखंडी गोळा टाकायचा. फुटेल तसा फुटेल. अशा दगडाने स्मारकस्तंभ होत नाही. त्यासाठी सरळ चिरे हवेत, हजारोंनी, आणि डोंगराच्या पोटातून काढलेले. स्तंभाचा वास्तुविशारद सॉलोमन विलार्ड दगड शोधत पायी बराच प्रदेश हिंडला आणि शेवटी क्विन्सीच्या या टेकडीवर थांबला. दगड गडद राखी, निळसर झाक असलेला, चकाकी अशी घेणारा की त्यात तोंड बघावं. पण होता आडरानात. मग बांधकामाचा कंत्राटदार ग्रिडली ब्रायंट याने इंग्लंडातल्या रेल्वेच्या बातम्या वाचून डोकं चालवलं.

या ब्रायंटवर माझा जीव जडलाय, तेव्हा त्याच्याबद्दल जास्त लिहिलं तर माफ करा. १७८९ मध्ये जवळच्याच सिच्युएट गावात जन्मलेला हा गवंडीकामातला माणूस. रेल्वे त्याने कधी डोळ्यांनी पाहिली नव्हती. मॅसॅच्युसेट्सच्या विधिमंडळात परवानगी मागायला गेला, तेव्हा सभासदांनी काय विचारलं ते त्यानेच नंतर लिहून ठेवलंय: रेल्वे म्हणजे काय हे आम्हाला माहीत नाही, कोणी ऐकलेली नाही, अशा गोष्टीसाठी लोकांच्या जमिनी कशा घेऊ द्यायच्या? जमीन संपादनाचे आपल्याकडचे वाद आठवून मला हे फार ओळखीचं वाटलं. सनद मिळाली मार्च १८२६ मध्ये, काम सुरू झालं १ एप्रिलला, आणि ऑक्टोबरात गाडे धावले. सहा महिने. आपल्या मंडळाला गणपतीचा हॉल ठरवायला याहून जास्त लागतात. (हे प्रेमाने.)

त्याने केलं काय ते बघा. आठ-आठ फुटांवर दगडी स्लीपर आडवे टाकले, त्यांवर लाकडी रूळ, रुळावर लोखंडाची पट्टी. रस्ता ओलांडायचा तिथे लाकडाऐवजी दगडाचेच रूळ. पुढे लाकूड कुजायला लागलं तसं सगळीकडेच दगडाचे. गाड्यांची चाकं माणसाच्या डोक्यावर जाणारी, आणि माल आसांच्या वर ठेवायचा नाही, खाली टांगायचा. गाडा दगडावर आणून उभा करायचा, साखळ्यांनी फळी खाली सोडायची, तिच्यावर दगड घ्यायचा, आणि जमिनीपासून जेमतेम सुटेल इतका उचलून चालू लागायचं. टनावारी दगड उंच चढवण्याची भानगडच नाही. गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर जावी म्हणून सांधा केला, फिरवायला फिरती तबकडी केली, आणि एकदा इमारतीचे अजस्र खांब न्यायचे होते तेव्हा चार-चार चाकांचे दोन गाडे पुढेमागे घेऊन त्यांवर एक पाटा असा बसवला, की वळणावर दोन्ही गाडे आपापले वळतील.

हे मी वाचून दाखवलं तेव्हा बाबा जवळजवळ ओरडले, "बोगी!"

आपण अख्ख्या डब्याला बोगी म्हणतो. रेल्वेवाले डब्याखालच्या या वळणाऱ्या गाड्याला म्हणतात. अमेरिकेत तो रुळांवर फिरवून दाखवणाऱ्या पहिल्या माणसांत ब्रायंट होता. आणि यातल्या कशाचंही पेटंट त्याने घेतलं नाही. घ्या, वापरा म्हणाला. पुढे १८३४ मध्ये बाल्टिमोरच्या रॉस वायनन्सने आठचाकी डब्याचं पेटंट घेतलं आणि रेल्वे कंपन्यांवर वर्षानुवर्षं खटले चालवले. ते प्रकरण १८५० च्या दशकात सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. कंपन्यांच्या वकिलांनी म्हाताऱ्या ब्रायंटचा गाडा पुरावा म्हणून पुढे केला: हे तर क्विन्सीत आधीच झालेलं होतं! कंपन्या सुटल्या. त्यांचे लाखो डॉलर वाचले. ब्रायंट १८६७ मध्ये हलाखीत वारला.

पैसे कोणाचे होते, तेही लपवायला नको. सगळ्यात मोठा भांडवलदार होता बॉस्टनचा बडा व्यापारी थॉमस हँडसिड पर्किन्स. त्याच्या संपत्तीचा मोठा भाग चीनच्या व्यापारातला, आणि त्या व्यापारात तुर्कस्तानची अफू होती. तरुणपणी त्याने गुलामांचाही व्यापार केला होता. पुढे त्याने आपला वाडा अंधांच्या शाळेला दिला. वॉटरटाउनची पर्किन्स शाळा ती हीच, हेलन केलर शिकली ती. मुंबईकरांना हा नमुना नवा नाही. माळव्याची अफू मुंबई बंदरातून चीनला जात होती, त्याच काळात, आणि तिच्यातून उभं राहिलेलं दातृत्व जे. जे. रुग्णालयाच्या फाटकावर आजही नाव लावून आहे. स्मारकाच्या पायथ्याशी असलं काही कोरत नाहीत. तिथे स्वातंत्र्य कोरतात.

आता 'अमेरिकेतली पहिली रेल्वे' या बिरुदाबद्दल. क्विन्सीवाले ते अभिमानाने लावतात, पेन्सिल्व्हेनियावाले लगेच हरकत घेतात, कारण त्यांच्याकडे लायपर नावाच्या खाणवाल्याने १८१० मध्येच रूळ टाकले होते. तेही दगडासाठीच. सरकारी सनद घेऊन रीतसर कंपनी म्हणून चाललेली पहिली, असं म्हटलं तर क्विन्सीचा दावा टिकतो. मला या भांडणात रस नाही, पण त्यातून एक गंमत हाती लागली. आपल्याकडेही १८५३ च्या आधीचा शोध घेतला की काय सापडतं? मद्रासजवळ रेड हिल्सची लाइन, १८३७ च्या सुमाराची, रस्त्यांसाठी दगड वाहायला. गोदावरीवर धवळेश्वरमला धरणाच्या दगडासाठी टाकलेले रूळ, १८४० च्या दशकातले. रुडकीला कालव्याच्या कामावर माती वाहणारी गाडी, १८५१ ची. आपली नाशिकची गोदावरी खाली आंध्रात जाऊन अडली, ती रुळांवरून आलेल्या दगडांनी. माणसांना गाडीत बसायला मिळालं ते दगडांनंतर.

क्विन्सीत तर माणसं बसली आणि लगेच अपघातच झाला. जुलै १८३२ मध्ये चार पाहुणे लाइन बघायला आले होते. इन्क्लाइनवरून वर जाताना साखळी तुटली, गाडा मागे सुटला आणि चौघे कड्यावरून खाली फेकले गेले. एक जण गेला. अमेरिकेतल्या अगदी सुरुवातीच्या जीवघेण्या रेल्वे अपघातांत तो मोजतात. म्हणजे खड्डा बघायला जाणारे आपण पहिले नाही. दोनशे वर्षांपूर्वीही लोक हौसेने येत होते.

बंकर हिलचा स्तंभ पुरा व्हायला १८४२ उजाडलं. पायाभरणी १८२५ मध्ये स्वातंत्र्ययुद्धात अमेरिकेच्या बाजूने लढलेला फ्रेंच सेनानी लाफायेत याच्या हस्ते थाटात झाली, मग दोनदा पैसे संपले आणि अर्धवट ठोकळा वर्षानुवर्षं तसाच उभा राहिला. शेवटी १८४० मध्ये बायकांनी पुढाकार घेऊन मोठी जत्रा भरवली, हस्तकला आणि खाद्यपदार्थ विकले, आणि त्यातून काम मार्गी लागलं. आनंदमेळ्याच्या आपल्या वहिनींनी हे लक्षात ठेवावं. तोवर क्विन्सीच्या दगडाचं नाव पसरलं होतं. बॉस्टनच्या कस्टम हाउसला लावलेले खांब बघा कधी: एकेक ४२ टनांचा.

घोड्यांची लाइन १८७१ पर्यंत टिकली. मग ओल्ड कॉलनी रेल्वेने ती घेऊन नव्याने बांधली, वाफेची इंजिनं आली, दगड थेट बॉस्टनला जाऊ लागला. वस्तीही बदलत गेली. आधी न्यू हॅम्पशायरकडचे पाथरवट, मग आयरिश, स्कॉटिश, स्वीडिश, फिनिश, इटालियन. प्रत्येकाचं चर्च वेगळं, भाषा वेगळी. आणि फुप्फुसातली धूळ मात्र सगळ्यांची एक. हवेच्या दाबावर चालणारी छिन्नी आली तशी कामं बंद शेडमध्ये आली, धूळ पिठासारखी बारीक झाली आणि कारागीर चाळिशी-पन्नाशीत खोकून मरायला लागले. सिलिकोसिस. दुसऱ्याच्या कबरीचा दगड घडवता घडवता गेलेली माणसं. आपल्या देशातल्या खाणींत हा आजार आजही आहे.

नंतर काँक्रीट आलं, स्टील आलं, ट्रक आले. इन्क्लाइन १९४० च्या दशकात थांबलं, शेवटची खाण १९६३ मध्ये बंद पडली. पंप थांबले, पाणी भरलं. त्या काळ्याशार पाण्यात कड्यावरून उड्या मारायला मुलं येऊ लागली, आणि पाण्याखाली टाकलेल्या भंगार गाड्यांवर, खांबांवर आपटून मरू लागली. म्हणून शेवटी माती. लाइनचा बराच भाग तर आधीच हायवेखाली गेला होता. आपण रोज सकाळी आय-९३ वर ज्या ट्रॅफिकमध्ये अडकतो, तिथल्या काही भागात आपण त्या घोड्यांच्याच वाटेवर उभे असतो. घोडे बहुधा लवकर पोचत.

माझ्या स्वयंपाकघरातला ओटा काळा आहे, त्यात सोनेरी ठिपके. घर घेतलं तेव्हा बसवणाऱ्याने कौतुकाने सांगितलं, "ग्रॅनाइट. इंडियन." बाबांनी तो बघून विचारलं, "कडप्पा का?" कडप्पा नव्हे, पण फार लांबचाही नाही. हा दगड आंध्रातल्या चिमाकुर्तीचा. भूगर्भवाले म्हणतील की हा खरा ग्रॅनाइटही नव्हे, पण दुकानात सगळा चकाकणारा टणक दगड ग्रॅनाइटच असतो. जिचं टोपणनावच 'ग्रॅनाइट सिटी' आहे अशा गावात, खाणीपासून पंधरा मिनिटांवर, मी आंध्रच्या दगडावर पोळ्या लाटते. हा कोणी फोडला, त्याची धूळ कोणाच्या छातीत गेली, हे मला ठाऊक नाही. क्विन्सीची निदान पाटी तरी आहे.

इन्क्लाइनवरून उतरताना मी बाबांना साल सांगितलं: १८३०. ते थांबले. "म्हणजे आपला पूल." खंडाळ्याचा अमृतांजन पूल. तोही १८३० चा. बाबा आयुष्यभर त्याच्या आसपास वावरले. एप्रिल २०२० मध्ये, सगळे घरात कोंडलेले असताना, सुरुंग लावून तो पाडला, कारण एक्स्प्रेसवेवर त्याच्या खांबांनी वाहतुकीला अडथळा होत होता. कारण खोटं नव्हतं. तिथे अपघात होत होते. बाबांनी आवाज ऐकला नाही, व्हॉट्सॲपवर व्हिडिओ बघितला. त्या दिवशी इन्क्लाइनच्या पायथ्याशी ते एवढंच म्हणाले, "यांनी निदान एक तुकडा ठेवला."

तुकडे खरोखरच ठेवलेत. १९७३ मध्ये ही लाइन आणि हा उतार राष्ट्रीय वारशाच्या यादीत गेला. ईस्ट मिल्टनला, ज्याला पूर्वी 'रेल्वे व्हिलेज' म्हणत, हायवेवर छत टाकून केलेल्या बागेत मूळ रुळाचा तुकडा आहे, शताब्दीची १९२६ ची पाटी आहे आणि सांध्याचा एक लोखंडी भाग आहे, ज्याला इथले लोक 'बेडूक' म्हणतात. १८९३ च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात तो मांडला होता. विवेकानंद त्या वर्षी शिकागोत बोलले ते याच प्रदर्शनाच्या निमित्ताने भरलेल्या परिषदेत. बाबांना बेडूक-बिडूक मान्य नव्हतं. "क्रॉसिंग आहे हे. हे बघ नाक." मग बाकावर बसून त्यांनी माझ्या दहा वर्षांच्या मुलाला अर्धा तास समजावलं: दोन रूळ एकमेकांना छेदतात तिथे चाकाची कड जायला फट ठेवावी लागते, पण फट ठेवली तर चाक आत पडेल, मग काय करायचं? खालून गाड्यांचा घोंगाट चालू होता. मुलाने वहीत चित्र काढलं. बंकर हिलवर त्याने फक्त पायऱ्या मोजल्या होत्या.

म्हणून माझी मागणी. ७ ऑक्टोबर २०२६ ला या लाइनला दोनशे वर्षं होतात. त्या दिवशी बुधवार आहे, म्हणून शनिवार १० तारीख धरू. मला माहीत आहे लगेच काय हरकत येईल: पितृपक्ष आहे, शिवाय सर्वपित्री अमावस्या, दुसऱ्या दिवशी घटस्थापना, पक्षात मंडळ कार्यक्रम घेत नाही. खरं आहे. पण हा नाचगाण्याचा कार्यक्रम नाही. ज्यांची तिथी ठाऊक नाही अशांसाठीच ती अमावस्या असते. इथल्या पाथरवटांच्या तिथी मला तरी ठाऊक नाहीत.

खर्च शून्य. हॉल नको, साउंड सिस्टिम नको. सकाळी दहाला खाणीपाशी जमू. रिच्युटी ड्राइव्हवर गाड्या लावायला जागा आहे. कडे बघायचे, काठाशी मुलांचे हात धरायचे. तिथून इन्क्लाइन. मग ईस्ट मिल्टनची बाग, आणि शेवटी नेपॉन्सेटचा काठ, जिथे दगड पडावात चढायचा. ज्यांना चालवत नाही त्यांनी बागेपाशी थेट यावं, तिथे बाक आहेत. क्विन्सीच्या मध्यावर १८२८ चं दगडी चर्च आहे, जॉन अॅडम्सने दिलेल्या जमिनीतल्या ग्रॅनाइटचं, आणि त्याच्या तळघरात तो आणि त्याचा मुलगा, दोन्ही राष्ट्राध्यक्ष, शेजारी-शेजारी आहेत. वेळ उरला तर तेही. उन्हाळ्यात आलेले आईवडील तेव्हा बहुतेक परतलेले असतील, पण ज्यांचे थांबणार आहेत त्यांना जरूर आणा. विशेषतः कोणाचे वडील रेल्वेत, पीडब्ल्यूडीत, पाटबंधाऱ्यात होते, त्यांना. या लोकांना आपण इथे आणून मॉलच्या बाकांवर बसवतो आणि मग कंटाळतात म्हणून तक्रार करतो.

सफरचंदं त्याच्या आदल्या शनिवारी तोडता येतील. दोन्हींचं वैर नाही.

बाबा यंदा येऊ शकणार नाहीत, डॉक्टरांनी विमानाला मनाई केलीय. पण त्यांनी काम दिलंय: इन्क्लाइनच्या पायथ्याशी गेज त्यांनी वितीने घेतलं होतं, ते टेपने घेऊन फोटो पाठवायचा. वर, मध्ये आणि खाली, तीन ठिकाणी. दगड सरकला असेल तर कळेल म्हणतात. मी टेप आणते. दुसरं टोक पकडायला कोणीतरी हवंय.

आपली,
क्विन्सीतली एक सभासद